३३७ टन आणि उरलेली माती

वऱ्हाडात पऱ्हाटी पिकवणाऱ्या जुन्या पिढीला ‘कार्बारिल’ म्हटलं तर बोध होणार नाही. ‘सेविन’ म्हटलं तर होईल. बोंडअळीवर मारायची पावडर. पाण्यात कालवून पंपात भरायची, तोंडाला फडकं बांधायचं आणि एकेक तास धरून पुढे सरकायचं. ज्या कंपनीचं हे औषध होतं, तिचेच एव्हरेडी सेल रात्री वावरात राखणीला जाणाऱ्याच्या बॅटरीत असायचे. कंपनीचं नाव युनियन कार्बाइड इंडिया आणि सेविनचा कारखाना भोपाळला.

आज वाशिम जिल्ह्यात कापूस मागे पडून सोयाबीन आणि तूर पुढे आली आहे. कार्बारिलवर २०१८ साली केंद्र सरकारने बंदी घातली. ते बनवणारी मूळ अमेरिकी कंपनी २००१ साली डाऊ केमिकलच्या पोटात गेली. म्हणजे औषध गेलं, कंपनी गेली, बऱ्याच अंशी त्याचं गिऱ्हाईक असलेलं पीकही गेलं. ते औषध तयार करताना उरलेला गाळ मात्र भोपाळच्या जमिनीत अजून आहे.

भोपाळ म्हटलं की २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधली रात्र आठवते, आणि तिथेच बहुतेकांची आठवण संपते. ६१० क्रमांकाच्या टाकीतून सुटलेल्या सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेटने हजारो माणसं मारली. तो एका रात्रीचा इतिहास आहे. त्याच कारखान्याच्या आवारातल्या मातीचा इतिहास त्याहून पंधरा वर्षं आधी सुरू होतो आणि अजून संपलेला नाही. त्यात विदर्भाचा संबंध तीन ठिकाणी येतो. औषधाचं गिऱ्हाईक विदर्भातलं होतं, माती तपासायला गेलेले शास्त्रज्ञ नागपूरचे होते, आणि एकदा तर तो कचरा जाळायला थेट नागपूरच्या दक्षिणेला बोरखेडीत आणायचं ठरलं होतं.

भोपाळच्या उत्तरेला साधारण ६७ एकरांवर हा कारखाना १९६९ मध्ये सुरू झाला. सुरुवातीला तिथे बाहेरून आणलेली रसायनं मिसळून औषधं तयार व्हायची. मिथाइल आयसोसायनेट तिथेच बनवायला १९८० मध्ये सुरुवात झाली. हे आयसोसायनेट आणि अल्फा-नॅप्थॉल यांच्या संयोगातून कार्बारिल तयार होतं. अल्फा-नॅप्थॉलही भोपाळातच बनवण्याचा घाट कंपनीने घातला, पण तो विभाग कधी नीट चालला नाही. न साधलेल्या प्रत्येक खेपेतून काळपट डांबरासारखा अवशेष उरायचा. शिवाय ‘सेविडॉल’ नावाचं आणखी एक औषध होतं. त्यात कार्बारिलबरोबर लिंडेन असायचं. लिंडेन म्हणजे आपल्याकडे पूर्वी ज्याला सरसकट बीएचसी म्हणत, त्यातला कीड मारणारा भाग. शंभर किलो बीएचसीत तो जेमतेम दहा-पंधरा किलो निघतो. बाकीचे भाग औषध म्हणून निरुपयोगी, पण विषारी ते विषारीच. मातीत गेले की दशकानुदशकं तिथेच राहतात, आणि त्यातला बीटा नावाचा भाग सगळ्यांत चिवट.

हा उरलेला माल जायचा कुठे? १९६९ ते १९७७ या काळात आवारातच खणलेल्या २१ खड्ड्यांत. त्यांपैकी काही खड्डे अस्तराशिवायचे, नुसते मातीत काढलेले होते. पुढे १९७७ मध्ये कंपनीने कारखान्याच्या उत्तरेला सुमारे ४०० मीटरवर, १४ हेक्टर जागेत बाष्पीभवनाची तळी बांधली. कल्पना सोपी होती. सांडपाणी नळातून तळ्यात सोडायचं, उन्हाने पाणी उडून जाईल, गाळ तळाशी राहील. माळव्याचं ऊन वऱ्हाडाच्या उन्हाला फारसं हार जाणारं नाही, त्यामुळे पाणी उडण्यात अडचण नव्हती. अडचण तळाची होती. तळाला प्लॅस्टिकचा पातळ कागद आणि त्याखाली माती, एवढ्यावर सगळी भिस्त. १९८२ मध्येच भोपाळहून अमेरिकेला गेलेल्या तारांमध्ये तळी गळत असल्याची चिंता नोंदलेली आहे. म्हणजे वायू सुटण्याच्या दोन वर्षं आधी कंपनीच्या वरिष्ठांना हे ठाऊक होतं.

आसपासच्या लोकांनाही ठाऊक होतं, त्यांच्या पद्धतीने. तळ्याकाठी चरायला गेलेली गुरं दगावल्याच्या तक्रारी त्या काळात झाल्या होत्या. गुरं चारणाऱ्याच्या तक्रारीला तेव्हा कागदावर किती जागा मिळाली असेल, हे सांगायला नको.

इथे काळ्या मातीचा मुद्दा येतो, आणि तो वाशिमच्या माणसाला कोणत्याही प्रयोगशाळेपेक्षा लवकर कळेल. भोपाळची वरची जमीन आपल्यासारखीच, चिकण काळी. ओली असताना ती पाणी धरून ठेवते, खाली जाऊ देत नाही; म्हणून शेततळ्याला ती चांगली मानतात. कारखान्याचा आणि पुढे सरकारी अहवालांचा बराच भर या गुणावर होता. खाली चिकण मातीचा थर आहे, तो विषाला रोखून धरेल. एका अहवालात तर विष भूजलापर्यंत उतरायला दोन दशकांहून जास्त काळ लागेल असं गणितही मांडलं गेलं. पण हीच जमीन उन्हाळ्यात काय करते? मे महिन्यात कोणत्याही रानात जा, हात जाईल एवढ्या रुंद आणि काठी बुडेल एवढ्या खोल भेगा पडलेल्या दिसतात. मृगाच्या पहिल्या जोरदार सरीचं पाणी मातीत मुरत बसत नाही, ते भेगेतून सरळ खाली धावतं. जमीन फुगून भेग मिटेपर्यंत जे जायचं ते गेलेलं असतं. सतत भरलेल्या तळ्याखाली हे होणार नाही, हे खरं. आवारातल्या उघड्या खड्ड्यांना आणि पुढे कोरड्या पडलेल्या तळ्यांना मात्र ही मुभा नव्हती.

वायूच्या रात्रीनंतर कारखान्याचं नेहमीचं उत्पादन पुन्हा सुरू झालं नाही. डिसेंबर १९८४च्या मध्यावर, उरलेलं आयसोसायनेट संपवण्यासाठी काही दिवस यंत्रं चालवली गेली. त्या कामाला ‘ऑपरेशन फेथ’ असं नाव होतं. त्यानंतर कुलूप. यंत्रं गंजत राहिली, गोदामांत अर्धवट तयार झालेला माल, पिंपं, पोती तशीच. १४ फेब्रुवारी १९८९ रोजी सर्वोच्च न्यायालयात ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली, पण ती वायूची. मातीत आणि पाण्यात जे उतरलं, त्याची त्या हिशेबात नोंदच नव्हती. पुढच्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथे आहे. वायूग्रस्तांची निदान यादी तरी झाली. पाणीग्रस्त नावाचा कोणी माणूस कित्येक वर्षं कागदावर अस्तित्वातच नव्हता.

मग नागपूरकर आले. नागपूरची ‘नीरी’, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, १९५८ साली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीसाठी स्थापन झाली आणि १९७४ मध्ये तिला आजचं नाव मिळालं. देशात कुठेही मातीत-पाण्यात विष मिसळलं की न्यायालयं आणि सरकारं नागपूरकडे बघतात, ही परंपरा तिथूनची. भोपाळच्या तळ्यांबद्दल नीरीचा पहिला अहवाल १९९० मध्ये आला. भूजल दूषित झालेलं नाही, असा त्याचा निष्कर्ष. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर दुसरी तपासणी झाली. तिने आवारातली माती अनेक ठिकाणी दूषित असल्याचं मान्य केलं, पण बाहेरच्या पाण्याला हात लागलेला नाही असंच सांगितलं. त्याच सुमारास, १९९६ मध्ये, तळ्यांचा निकाल लावला गेला. दोन तळ्यांतला गाळ आणि माती उचलून तिसऱ्या तळ्यात भरली, वरून प्लॅस्टिक आणि मातीचा थर दिला, आणि कागदोपत्री ती जागा सुरक्षित झाली.

नीरीवर टीका करणं आता सोपं आहे आणि भोपाळच्या संघटनांनी ती कडक शब्दांत केली आहे. तिच्यात तथ्य आहे. नमुने कमी होते, आणि अभ्यासाचा खर्च व कार्यकक्षा ठरवण्यात ज्यांची जागा तपासायची त्यांचाच हात होता. तरी एक गोष्ट नीरीच्याच पदरात टाकायला हवी. २०१० मध्ये हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेबरोबर तिने जो आकडा मांडला, तो आज सगळ्या बाजूंचे लोक वापरतात. कारखान्याच्या आवारातली दूषित माती सुमारे ११ लाख टन. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे लागेल.

दरम्यान भिंतीबाहेर वेगळाच हिशेब चालू होता. कारखान्याची भिंत आणि रेल्वेमार्ग यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यातली अटल अयूब नगर ही वस्ती, तिच्या पलीकडची अन्नू नगर, शिव शक्ती नगर, ब्लू मून कॉलनी. गरिबांची वस्ती जिथे जमीन स्वस्त तिथे होते, आणि विषाच्या कारखान्याच्या मागे जमीन स्वस्तच असते. पाण्यासाठी हातपंप. पाण्याला औषधाचा वास येतो, चव लागते, अंगाला खाज सुटते, अशा तक्रारी. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभागाने नव्वदच्या दशकातच पाणी तपासलं, त्यात रसायनं सापडली आणि अखेर अनेक हातपंपांना लाल रंग फासला गेला. लाल म्हणजे पिऊ नका. पिऊ नका म्हणणाऱ्याने पर्याय मात्र दिला नव्हता, त्यामुळे बाया-बापड्या लाल पंपावरच हंडे भरत राहिल्या. १९९९ मध्ये ग्रीनपीसने माती आणि पाण्याचे नमुने तपासून पारा आणि क्लोरीनयुक्त सेंद्रिय रसायनं सापडल्याचं जाहीर केलं. २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटने कारखान्यापासून सुमारे तीन किलोमीटरवरच्या भूजलात कीटकनाशकांचे अंश दाखवले. सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये वस्त्यांना नळाचं पाणी द्यायचा आदेश दिला, तरी नळ सगळीकडे पोहोचायला आणखी दहा वर्षं लागली. लखनौच्या विषविज्ञान संस्थेच्या तपासणीनंतर २०१८ पर्यंत बाधित वस्त्यांची संख्या ४२ वर गेली.

जागेचा मालक या काळात बदलत होता. अमेरिकी कंपनीने १९९४ मध्ये भारतीय कंपनीतले शेअर विकले, तिचं नाव एव्हरेडी इंडस्ट्रीज झालं, आणि १९९८ मध्ये भाडेपट्ट्याची जमीन मध्य प्रदेश सरकारकडे परत गेली. त्याच वर्षी, १ जुलैला, अकोल्यातून वेगळा होऊन वाशिम जिल्हा झाला. म्हणजे भोपाळच्या मातीला सरकारी वारस मिळाल्याला आपल्या जिल्ह्याइतकीच वर्षं झाली. सरकार मालक झालं, आणि मातीचं विष हा करदात्याच्या खिशाचा प्रश्न बनला. केंद्राच्या रसायन व खते मंत्रालयाने २००५ मध्ये उच्च न्यायालयात अर्ज करून डाऊने सफाईसाठी १०० कोटी रुपये आगाऊ भरावेत अशी मागणी केली. डाऊने जबाबदारी नाकारली. अमेरिकेतल्या न्यायालयांनीही पाणीग्रस्तांचे दावे फेटाळले. कारखान्याची सांडपाण्याची व्यवस्था भारतीय कंपनीने उभारली, मूळ कंपनीने नाही, असा तिथला निष्कर्ष होता.

खरं तर पैसे कोणी भरायचे, याचं उत्तर भारतीय कायद्यात तोवर स्पष्ट झालेलं होतं, आणि त्यातही नागपूरचा हात होता. राजस्थानात उदयपूरजवळ बिछडी नावाचं गाव आहे. तिथे रंग उद्योगासाठी लागणारं एच-ॲसिड बनवणाऱ्या कारखान्यांनी गाळ उघड्यावर टाकला आणि विहिरींचं पाणी लालसर झालं. सर्वोच्च न्यायालयाने १३ फेब्रुवारी १९९६ रोजी निकाल दिला: ज्याने घाण केली त्याने भरायचं, आणि नुसती नुकसानभरपाई नाही, तर जमीन मूळपदावर आणण्याचा खर्चसुद्धा. तो खर्च किती, हे नीरीच्या अहवालावरून ठरलं आणि नंतर ३७.३८५ कोटी रुपये असा आकडा निश्चित झाला. कारखानदाराने तो भरण्याऐवजी अर्जांवर अर्ज केले. २०११ मध्ये न्यायालयाने वैतागून १२ टक्के चक्रवाढ व्याज लावलं. निकाल इतका चांगला की कायद्याच्या पुस्तकांत तो शिकवतात. पंधरा वर्षं पैशाचा पत्ता नाही, हे मात्र तळटीपेत.

आता पोत्यांची गोष्ट.

२००४ मध्ये आलोक प्रताप सिंह यांनी जबलपूरच्या उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने तज्ज्ञांचा गट नेमला आणि २००५ मध्ये आवारात विखुरलेला कचरा गोळा करून एका शेडमध्ये ठेवला गेला. वजन सुमारे ३४६ टन, त्याशिवाय चुन्याचा गाळ. इथून पुढे वीस वर्षं ‘भोपाळची सफाई’ या शब्दांचा अर्थ हीच पोती आणि हीच पिंपं असा झाला. जमिनीखालचे ११ लाख टन कोणाच्या तोंडी राहिले नाहीत. जे पोत्यात भरता येतं ते मोजता येतं, ट्रकवर चढवता येतं, त्याचा फोटो निघतो. त्यामुळे सगळी शक्ती एका प्रश्नावर खर्च झाली: ही पोती कोणाच्या वेशीत उतरवायची?

पहिला मान गुजरातला. अंकलेश्वरच्या भट्टीत कचरा जाळायला गुजरात सरकारने होकार दिला आणि लोक उठल्यावर २००७ मध्ये परत घेतला. २००८ च्या जूनमध्ये चुन्याचा सुमारे ४० टन गाळ गाजावाजा न करता धार जिल्ह्यातल्या पीथमपूरला नेऊन पुरला. तिथल्या लोकांना ते नंतर कळलं, आणि तो संशय पुढे सतरा वर्षं टिकला.

मग आलं बोरखेडी. नागपूरहून वर्ध्याकडे जाताना बुटीबोरीची औद्योगिक वसाहत ओलांडली की हे रेल्वेचं छोटं स्टेशन लागतं. त्या परिसरात संरक्षण संशोधन व विकास संस्थेची, म्हणजे डीआरडीओची, एक भट्टी होती. जुलै २०११ मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने भोपाळचा कचरा तिथे जाळावा असा आदेश दिला. बैतूल, मुलताई, पांढुर्णा असा सरळ रस्ता. ट्रक सकाळी निघाले तर रात्री नागपुरात. मध्य प्रदेशच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता.

विदर्भात एकच गदारोळ झाला. राज्याचं पावसाळी अधिवेशन चालू होतं, विषय सभागृहात गाजला आणि राज्य सरकारने विरोधाची भूमिका घेतली. महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने परवानगी दिली नाही. नागपूरच्या पर्यावरण कार्यकर्त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात धाव घेतली. एका उच्च न्यायालयाने कचरा तिकडे न्या म्हणायचं आणि दुसऱ्याच्या हद्दीत तो येऊ नये म्हणून लढाई, असा पेच दिल्लीपर्यंत गेला. बोरखेडीच्या लोकांचा मुद्दा साधा होता: जे भोपाळला नको ते आम्हाला का? तो बरोबरच होता. पण थोडं अवघड जागेचं दुखणं असं, की घातक कचऱ्याची रीतसर भूभरणी बुटीबोरीलाही आहे, विदर्भातल्या कारखान्यांचा तसला कचरा तिथे जातो आणि त्याबद्दल वर्तमानपत्राचं पान क्वचितच भरतं. भोपाळचं नाव लागलं की विष दिसतं. नाव नसलेलं विष गेटमधून रोज आत जातं.

नवी मुंबईजवळच्या तळोजाचंही नाव निघालं आणि तेही बारगळलं. २०१२ मध्ये केंद्रातल्या मंत्रिगटाने कमालच केली. सुमारे २५ कोटी रुपये देऊन हा कचरा विमानाने जर्मनीला पाठवायचं ठरवलं. जर्मनीची जीआयझी ही संस्था तयार होती. तिथल्या लोकांनीही बोरखेडीच्याच भाषेत विचारलं आणि सप्टेंबरमध्ये संस्थेने माघार घेतली. आता उरलं पीथमपूर. ऑगस्ट २०१५ मध्ये दहा टन कचरा चाचणी म्हणून तिथे जाळला, आणि पुन्हा नऊ वर्षं शांतता.

३ डिसेंबर २०२४ रोजी, वायूकांडाला चाळीस वर्षं पूर्ण झाली त्या दिवशी, मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने सरकारला फैलावर घेतलं आणि चार आठवड्यांची मुदत दिली. १ जानेवारी २०२५च्या रात्री १२ कंटेनर पोलिसांच्या ताफ्यात निघाले आणि सुमारे २५० किलोमीटर पार करून पहाटे पीथमपूरला पोहोचले. एकूण वजन ३३७ टन. या ३३७ टनांत काय होतं, ते पाहण्यासारखं आहे. सेविन आणि नॅप्थॉलचे अवशेष ९२ टन, अर्धवट तयार कीटकनाशकं ५४ टन, यंत्रांतला अवशेष २९ टन, आणि उरलेले १६२ टन? माती. जवळजवळ निम्मा माल म्हणजे आवारातून खरवडलेली मातीच होती.

आणि ती ३३७ टनांची सगळी पोती ११ लाखांशी ताडून पाहिली तर दर दहा हजार टनांमागे जेमतेम तीन टन हलले.

पीथमपूरला ३ जानेवारीला बंद, दगडफेक, लाठीमार झाला. दोन जणांनी अंगावर पेट्रोल ओतून पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. हा भाग आपल्याला परका नाही. धार पवारांचं, शेजारचं इंदूर होळकरांचं. तिथे आजही मराठी घरं आहेत. इंदूरच्या काही भागाला पाणी देणाऱ्या यशवंतसागर तलावाची चिंता तिथल्या डॉक्टरांनी न्यायालयात मांडली. न्यायालयाच्या देखरेखीखाली तीन चाचण्या झाल्या आणि मग मे-जूनमध्ये उरलेला माल जळला. ३० जून २०२५ पर्यंत भट्टीचं काम संपलं. जाळताना वायू शांत करण्यासाठी चुना आणि इतर पदार्थ मिसळावे लागतात, त्यामुळे ३३७ टन जाळून राख आणि अवशेष उरला ८०० टनांहून अधिक. तो कुठे पुरायचा यावर पुन्हा न्यायालयात वाद सुरू झाला.

माती बरी होतच नाही का? होते, पण ज्या मातीचं दुखणं वेगळं असतं ती लवकर. नागपूर जिल्ह्यातच सावनेरजवळ गुमगावची मँगनीज खाण आहे. खाणीतून काढलेल्या दगडमातीच्या ढिगाऱ्यांवर गवतही धरत नव्हतं. नीरीच्या शास्त्रज्ञांनी साखर कारखान्यातून निघणारा प्रेसमड त्यात मिसळला, नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांना चिकटून राहणारी बुरशी सोडली आणि साग, शिसव, कडुनिंब अशी झाडं लावली. झाडं जगली, ढिगाऱ्याचं रान झालं. पण तिथे कमतरता जिवाची होती. वर घातलं की भागलं. भोपाळच्या मातीत नको ते आहे, आणि ते काढायचं किंवा जागच्या जागी मोडायचं तर काम दशकांचं. अमेरिकेत नायगारा फॉल्सजवळच्या लव्ह कॅनालमध्ये १९४२ ते १९५३ दरम्यान सुमारे २१,००० टन रासायनिक कचरा पुरला, वर शाळा आणि घरं झाली, १९७८ मध्ये आणीबाणी जाहीर करून लोक हलवले. त्यातून १९८० चा सुपरफंड कायदा आला. ती जागा धोक्याच्या यादीतून निघायला २००४ साल उजाडलं, आणि तरी कचरा तिथेच आहे; वर चिकण मातीचं झाकण, भोवती कुंपण, झिरपणारं पाणी सतत उपसून शुद्ध करण्याची यंत्रणा. पैसा असलेल्या देशातही खणून नेलं नाही, कायम राखण बसवली.

आपल्याकडे अशा जागांसाठी स्वतंत्र नियम व्हायला २४ जुलै २०२५ उजाडला. पीथमपूरची भट्टी थांबून महिनाही झाला नव्हता. दूषित जागांच्या व्यवस्थापनाचे हे केंद्रीय नियम. तोवर देशात अशा १०३ जागा ओळखल्या गेल्या होत्या आणि सफाई सुरू झाली होती फक्त सात ठिकाणी. नव्या नियमांत पहिली पायरी जिल्हा प्रशासनाची. संशयित जागांची यादी जिल्ह्याने वर्षातून दोनदा द्यायची, प्रदूषण मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक तपासणी करायची, दोष सिद्ध झाला तर खर्च दोषीच्या अंगावर. खाणी आणि गावाचा ओला-सुका कचरा मात्र या नियमांच्या बाहेर ठेवला आहे.

वाशिमला भोपाळसारखा कारखाना कधीच नव्हता, त्यामुळे जिल्ह्याच्या यादीत ‘निरंक’ लिहून मोकळं होण्याचा मोह होणं साहजिक आहे. निरंक लिहायच्या आधी निदान बंद पडलेल्या कीटकनाशकांच्या गोदामांची जमीन आणि जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवणाऱ्या छोट्या भट्ट्यांचा परिसर बघायला हवा. अशा जागा कोणत्याही तालुक्याच्या गावाबाहेर असू शकतात, आणि त्यांची माहिती कार्यालयापेक्षा तिथे गुरं चारणाऱ्याला आधी असते. १९८२ मध्ये भोपाळच्या तळ्याकाठी त्यालाच ती पहिल्यांदा होती. नव्या नियमांत संशयित जागेबद्दलची माहिती कुणाकडून घ्यायची, हे ठरवणं जिल्ह्याच्या हाती आहे. तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसभा यांच्याकडे हा प्रश्न पहिल्या यादीच्या वेळी गेला तर पुढचे ९० दिवस कामाला येतील.

भोपाळपुरतं सांगायचं तर आवारातले ते २१ खड्डे आणि झाकलेलं तिसरं तळं अजून जागेवर आहे. कारखान्याच्या जागी स्मारक करायची चर्चा अधूनमधून निघते. आराखड्यात इमारत असते, बाग असते, संग्रहालय असतं; ११ लाख टनांसाठी वेगळी तरतूद कुठे आहे, हे आराखडा करणाऱ्यांना विचारायला भोपाळच्या संघटना दर डिसेंबरला फलक घेऊन उभ्या राहतात.